बेडकाचं पोट

४ मार्च

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेतलं असशील. त्याआधी एवढंच वाच: हे पत्र माझ्याबद्दल नाही आणि तुझ्याबद्दलही नाही. तुझ्या नातवाच्या शीबद्दल आहे.

वाचतोयस ना? बरं.

खारूने मला लिहिलं. लेकीवर चिडू नकोस, बाळंतिणीवर चिडायचं नसतं, आणि चिडायची फारच हौस असेल तर मी आहेच. तिने लिहिलं की बाळ पाच आठवड्यांचं झालं तरी डोळ्यांतला पिवळेपणा जात नाही. तुमचे डॉक्टर म्हणाले, आईच्या दुधाने असं होतं, सकाळच्या उन्हात ठेवा, आपोआप जाईल. ते खोटं सांगत नाहीत. बहुतेक बाळांची कावीळ तशीच जाते. मुलांची डॉक्टर म्हणून मी स्वतः आयुष्यभर हेच सांगत आले आणि बहुतेक वेळा बरोबर ठरले.

पण क्वचित एखादं बाळ असं निघतं की त्याची कावीळ दुधाची नसते. यकृतातून आतड्यात पित्त नेणारी जी नळी असते, ती त्याच्यात बुजत चाललेली असते. पित्त आतल्या आत तुंबतं. बाळ दूध ओढतं, हसतं, बाळसं धरतं, शेजारीपाजारी गालगुच्चे घेतात, आणि आत यकृत बिघडत राहतं. यावर ऑपरेशन आहे. मात्र ते बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झालेलं बरं. उशीर झाला की पोट उघडूनही हाती फारसं लागत नाही.

हे घरच्या घरी ओळखायची एक खूण आहे. शीला रंग येतो तो पित्तामुळे. पिवळी, मोहरीसारखी, हिरवट, तपकिरी, काहीही चालेल. फिकट व्हायला लागली, पिठासारखी, मेणासारखी, ओल्या चुन्यासारखी दिसायला लागली, तर पित्त खाली येत नाही असं समजायचं.

मी खारूला रंग विचारला असता तर ती म्हणाली असती, पिवळसर. सगळ्या आया पिवळसर म्हणतात. पंचवीस-तीस वर्षं मी हा शब्द ऐकतेय. तो रंग नाही, ती आशा आहे. मला डोळा हवाय. लोक भिंतीचा कपचा रुमालात बांधून आणायचे आणि तू डब्यांकडे न बघता म्हणायचास, याच्यात काळ्याचा एक थेंब जास्त पडलाय. तसा डोळा मी नंतर कुठे पाहिला नाही, मोठमोठ्या प्रयोगशाळांतही नाही.

तर आपल्या रंगाच्या कारखान्याचं शेड कार्ड घे. बाळाची शी त्याच्याशी जुळव. जो चौकोन जुळेल तो कापून पाकिटात घाल आणि मला पाठव. एक अक्षरही लिहायची गरज नाही. माझ्याशी बोलणं मोडलंय तर मोडलेलंच राहू दे, मी जोडायला आलेले नाही. आणि तुमच्या डॉक्टरांना म्हणावं, रक्तातली कावीळ दोन भागांत मोजतात, ती तशी मोजून द्या.

मी स्वतः आले असते. पाय प्लास्टरमध्ये आहे. एका सभेत बोलता बोलता व्यासपीठाच्या कडेवरून खाली गेले. तुला आनंद व्हावा म्हणून सांगते, सभा तुझ्या आवडत्या विषयावर होती. उठले, पुन्हा वर चढले आणि उरलेलं भाषण पूर्ण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर शेजारीण म्हणाली, ताई, तुमचा पाय उलट्या बाजूला बघतोय. मला तोवर काही जाणवलंच नव्हतं. हाड जोडणारे डॉक्टर विचारत होते, दुखतंय का, आणि मी म्हणत होते, नाही. खरंच नव्हतं दुखत. हे गेल्यापासून असंच आहे. त्यांची आठवण येते असंही नाही. त्यांच्या शर्टांचं कपाट उघडते, बघते, बंद करते. तू आला नाहीस त्याचंही काही वाटलं नाही.

तेव्हा मला वाटण्यावर फार भरवसा ठेवता येत नाही सध्या. रंगावर ठेवता येतो.

तुझी बहीण,
भोंगा

ता. क. बाबांच्या कार्डावर 'बेडकाचं पोट' हा रंग अजून आहे का, की काढून टाकलास?

१० मार्च

धाकट्या,

पाकीट मिळालं. चौकोन मिळाला. एक अक्षर लिहू नको म्हटलं तर तू पत्त्यावर माझं नावसुद्धा लिहिलं नाहीस, नुसता घर क्रमांक. पोस्टमनने मला विचारलं, हे तुमचंच ना? म्हटलं, माझंच, असा अबोला धरणारा माणूस आमच्याच घरात आहे.

'मोहरी'. खिडकीपाशी नेऊन उलटसुलट पाहिलं. छान, भरलेला रंग आहे. पित्त खाली येतंय. रक्ताची तपासणी करून घ्याच, पण आता घाई नाही. खारूला सांग, झोप काढ.

हे लिहिताना हायसं वाटायला हवं होतं. कागदावर लिहिलं, तेवढंच.

चौकोनाची मागची बाजूही वाचली. बारीक अक्षरांत छापलंय, 'शिसे नाही'. मग पुढची बाजू पुन्हा पाहिली. आपला तो जुना लखलखीत पिवळा यात कुठेच नाही, हा जरा मंद आहे. म्हणजे शिसं तू काढून टाकलंस. कधी काढलंस ते तू कळवलं नाहीस आणि मीही विचारणार नाही. इतक्या वर्षांपूर्वीच्या त्या सभेत मी बाबांच्या कारखान्याचा डबा हातात धरून उभी होते आणि तू तिसऱ्या रांगेत बसला होतास. त्याबद्दल मी माफी मागणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. माझ्या वॉर्डात मुलं यायची, पोट दुखतं म्हणून. जेवत नव्हती, शी होत नव्हती, किरकिर करायची. मास्तर म्हणायचे शाळा बुडवायची नाटकं, आजोबा म्हणायचे लाडावलेत, डॉक्टर म्हणायचे जंत. रक्त तपासलं की शिसं. घरी जाऊन पाहिलं की खिडकीच्या चौकटीचे पोपडे निघालेले आणि पोराच्या दातांचे वळ त्या लाकडावर. दुसऱ्याच्या कारखान्याचा डबा धरला असता तर टाळ्या तेवढ्याच पडल्या असत्या. पण मग ते भाषण झालं असतं. मला खरं बोलायचं होतं.

असो. पुन्हा सुरू झाले बघ. पाय टेबलावर ठेवून स्वतःपुढेच सभा घेतेय.

प्लास्टर असलं तरी दवाखान्यात जाते. खुर्चीवरून तपासते. पोट दुखणाऱ्या मुलाच्या पोटाला मी सगळ्यात शेवटी हात लावते हे तुला कधी सांगितलंय का? आधी ते मूल दारातून कसं चालत येतं ते बघायचं. मग आईशी बोलायचं, मुलाकडे लक्ष नाही असं दाखवायचं. मग म्हणायचं, एका बोटाने दाखव, कुठे दुखतं. बेंबीवर बोट ठेवलं तर बहुतेक वेळा धीर धरायला हरकत नसते. बेंबीपासून बोट जितकं लांब गेलं तितकं आपण सावध. हात चोळून गरम करायचे. गुदगुल्या होणारं मूल असेल तर त्याचाच हात त्याच्या पोटावर ठेवायचा आणि आपला वरून, म्हणजे त्याला वाटतं तोच तपासतोय. आणि शेवटी म्हणायचं, चल, एक उडी मारून दाखव. नाटक करणारं मूल उडी मारतं. ज्याचं पोट आतून पेटलंय ते मारत नाही, कितीही आमिष दाखवा.

काल एक मुलगी आली होती. तिला म्हटलं उडी मार. ती माझ्या प्लास्टरकडे बघून म्हणाली, "आधी तुम्ही मारा."

मी मारली असती, धाकट्या. मला काही झालं नसतं. तेच जरा विचित्र वाटलं.

भोंगा

१५ मार्च

धाकट्या,

हे पत्र पोचायला दोन-तीन दिवस लागतील, तोवर तुला फोनवरून कळलं असेल अशी आशा आहे. कळलं नसेल म्हणून सगळं पुन्हा लिहिते. नीट वाच.

आज सकाळी खारूचं पत्र आलं. आनंदाने लिहिलंय. तुझी गंमत लिहिलीय. म्हणते, बाबांनी लंगोट गच्चीवर नेला, फळीवर पसरला आणि दुपारभर उन्हात सुकवला, दुकानाचा नमुना सुकवतात तसा; संध्याकाळी कार्ड घेऊन बसले. आई ओरडली, लोक काय म्हणतील, तर बाबा म्हणाले, ओल्या रंगावर जो बोलतो तो गाढव.

मी हे वाचून हसले. मग हसणं कुठे गेलं कळलं नाही, कागद तसाच हातात राहिला.

आपल्या बाबांनीच शिकवलंय ते. भिंतीवरचा ओला रंग खोटा बोलतो, सुकू दे, मग जुळव. आपण दोघं जेवणाच्या ताटावरसुद्धा हेच म्हणायचो. तू तुझं काम चोख केलंस. चूक सांगण्यात झाली. 'शी जुळव' एवढंच मी तुला लिहिलं, ओली की सुकलेली ते लिहिलंच नाही. शी सुकली की गडद होते. आणि खारूने पुढे लिहिलंय की हल्ली लंगोटांवर पिवळे डाग पडतात, धुऊन जात नाहीत, कुठला साबण वापरू? एवढ्या लहान बाळाच्या शूला रंग नसतो, पाण्यासारखी असते. तिचा डाग पडत असेल तर पित्त शूवाटे बाहेर पडतंय. म्हणजे तू सुकवलेला लंगोट पिवळ्या शूत भिजलेला होता, आणि तू जो रंग जुळवलास तो शीचा नव्हताच कदाचित. शूचा होता. सुकलेल्या शूचा.

मी दुकानात फोन केला. तू उचललास. मी "धाकट्या" म्हटलं आणि तू ठेवलास. पुन्हा केला. उचललास, काही बोलला नाहीस, ठेवलाही नाहीस; टेबलावर टाकलास बहुतेक. मला रंग ढवळायचं यंत्र ऐकू येत होतं. तो गुरगुर आवाज मी इतक्या वर्षांनी ऐकला आणि तरी चटकन ओळखला. मग मी बोलले. सगळं सांगितलं, त्या यंत्राला सांगितलं. आयुष्यभर मी भरलेल्या सभागृहांपुढे बोलले आणि प्रत्येक वेळी मला माहीत असायचं की समोर कोण ऐकतंय, कोण जांभई देतंय. आज काहीच माहीत नव्हतं. ओरडले नाही. आवाज चढवायची ताकद नव्हती आणि इच्छाही नव्हती. मोठ्या इस्पितळाचं नाव सांगितलं, तिथल्या सर्जन बाईचं सांगितलं, ती माझी विद्यार्थिनी आहे हेही. बोलता बोलता मधेच गुरगुर थांबली. यंत्र बंद झालं म्हणून, की तू फोन ठेवलास म्हणून, ते कळलं नाही; मी बोलत राहिले, शेवटी फोन कट झाला.

तर ऐक. नवीन लंगोट. शी झाल्या झाल्या, ओली असताना, खिडकीत, दिवसाच्या उजेडात. दुकानातल्या ट्यूबखाली नाही. वरच्या थरावर विश्वास ठेवू नकोस, तो शूने रंगलेला असेल; काडीने फोड आणि आत काय आहे ते बघ. मग कार्ड.

बाळ सहा आठवड्यांचं होऊन गेलं. मी पाच दिवसांपूर्वी 'घाई नाही' असं लिहिलं होतं. आता घाई आहे.

भोंगा

१८ मार्च

धाकट्या,

हे पत्र इस्पितळाच्या पत्त्यावर, सर्जन बाईच्या हाती पाठवतेय. ती तुला देईल.

पाकीट आज आलं. 'बगळा'.

तो शेड तुझाच. तू एवढासा होतास, बाबा ताटावर नवे डबे घेऊन बसले होते आणि म्हणत होते, या पांढऱ्याला नाव द्या. मी कसलंतरी मोठं, पुस्तकातलं नाव सांगितलं आणि तू तोंडात घास घेऊन म्हणालास, बगळा. बाबांनी तेच छापलं. दवाखान्यांच्या भिंतींना तोच लागतो सगळीकडे. माझ्या वॉर्डालाही होता.

चौकोनाच्या मागे तू दोन शब्द लिहिलेस. "ओलं. खिडकीत." एवढ्या वर्षांत तुझे दोन शब्द. मी ते वाचले आणि लगेच फोन लावला, इस्पितळात न्या हे सांगायला. तुझ्या बायकोने उचलला. मी सांगायला लागले तर म्हणाली, "ताई, ते तर परवाच निघाले. खारूला आणि बाळाला घेऊन. तुम्ही फोनवर जे इस्पितळ सांगितलं तिथेच." मग म्हणाली, "यंत्र बंद करून ऐकत होते ते. मी जेवायला बोलवायला गेले तर हाताने गप्प बस म्हणाले."

म्हणजे ती गुरगुर थांबली होती ती तुझ्या हाताने थांबली होती. फोन नंतर कट झाला. मी उगाच समजत होते की कुणी ऐकत नाही.

सर्जन बाई माझ्याशी बोलली. रक्त तपासलं, पोटाची सोनोग्राफी केली, आता उद्या-परवा पोट उघडून खात्री करतील आणि ती नळी खरोखर बुजलेली असेल तर तिथल्या तिथे पुढचं करतील. बुजलेली नळी काढून टाकतात आणि आतड्याचाच एक तुकडा वर नेऊन यकृताला जोडतात, म्हणजे पित्ताला उतरायला नवी वाट. तुला समजेल असं सांगायचं तर, भिंतीतला नळ चोंदला की भिंत पाडत नाहीत, बाहेरून पाइप फिरवतात.

खारूला दोन गोष्टी सांग. ऑपरेशनच्या आधी बाळाला दूध देऊ देणार नाहीत, ते रडेल, तिचा जीव तुटेल, पण दूध काढून ठेवत राहावं, थांबवू नये. आणि तिच्या दुधामुळे काही झालेलं नाही. हे तिला तीन-चार वेळा सांग, एकदा सांगून पटत नाही. आयांना सगळं आपल्यामुळेच झालं असं वाटतं. त्यांना ते वाटू नये म्हणून मी जेवढं बोलले तेवढं दुसऱ्या कशासाठी बोलले नसेन.

मला भीती वाटायला हवी. मी खुर्चीत बसून आहे, खिडकीबाहेर माणसं सायकली पुसतायत. 'मोहरी' आणि 'बगळा' टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेत. मधे पेन.

भोंगा

२२ मार्च

धाकट्या,

नळी बुजलेलीच होती. सर्जन बाईने फोनवर सांगितलं, जोडणी नीट झाली, यकृत अजून फार कडक झालेलं नाही, आणि बाळ तुमच्या भावासारखं हट्टी दिसतं. म्हटलं, आमच्या घरात तो रोग बरा होत नाही.

आता पुढचं स्पष्ट सांगते. गोड बोलायची सवय मला नाही आणि तुला ऐकायची नाही. जोडणी झाली म्हणजे पित्त उतरेलच असं नाही. काही बाळांत उतरतं, काहींत नाही उतरत. उतरलं तरी पुढे ताप येऊ शकतो, औषधं बरीच वर्षं लागतील, आणि कदाचित मोठेपणी यकृत बदलायचा विचार करावा लागेल. उतरलंच नाही तर तो विचार लवकर करावा लागेल. आज, उद्या, या आठवड्यात हे कुणालाही सांगता येणार नाही. सर्जन बाईलाही नाही. कुठलंही यंत्र सांगत नाही. एकच गोष्ट सांगते.

तुला माहीत आहे कुठली.

सर्जन बाईने आणखी एक सांगितलं. म्हणाली, तुमचे भाऊ दिवसभरात कुणाशी बोलत नाहीत. फक्त पहिल्या दिवशी वॉर्डात आले आणि सिस्टरना विचारलं, इथला खरा उजेड कुठल्या खिडकीत येतो? सिस्टरनी दाखवलं. त्यांनी खाट तिथे सरकवायला सांगितली. सिस्टर म्हणाल्या, खाटा सरकवायचा नियम नाही. तर ते म्हणाले, मग भिंत सरकवा. खाट सरकली.

वॉर्डाच्या भिंती बगळा रंगाच्या आहेत म्हणे. तू त्या ओळखल्याच असशील.

मी दवाखान्यात जाते, येते. परवा एका सभेचं बोलावणं आलं, विषय मुलांचं पोट आणि आपली अंधश्रद्धा. पूर्वी असं पत्र आलं की मी रात्रभर भाषण रचायचे, वाक्यं आरशासमोर म्हणून बघायचे, हे पलंगावरून म्हणायचे, श्रोते झोपलेत, आता दिवा घालवा. यावेळी मी नकार कळवला. पाय, असं कारण दिलं. पायाचं काही नव्हतं. बोलायला उभी राहिले असते आणि वाक्यं आपोआप आली असती, टाळ्याही आल्या असत्या, आणि मी तिथे नसते.

खारूला जवळ घे. तुला जमत नाही, माहीत आहे. नुसता शेजारी बस.

भोंगा

९ एप्रिल

धाकट्या,

तुझं पाकीट आज दुपारी आलं. पत्त्यावर या वेळी माझं नाव होतं.

मी लगेच उघडलं नाही. हे खोटं बोलून काय उपयोग. मी ते टेबलावर ठेवलं, चहा केला, प्यायले नाही, दुसरा केला. मला वाटलं होतं की आता मला काहीच घाबरवू शकत नाही, माझ्यातलं ते यंत्र बंद पडलंय. पण पाकिटाला हात लावायला हात उठेना. तेव्हा मनात म्हटलं, चला, निदान हात तरी शहाणे आहेत.

मग उघडलं.

तो चौकोन मी वर्षानुवर्षं पाहिला नव्हता. कार्डाच्या अगदी खालच्या ओळीत, उजव्या कोपऱ्यात असायचा, कारण बाबांना तो कुठे ठेवायचा हेच कळत नव्हतं. हिरवट पिवळा, जरा चिखलासारखा. मी शाळेत पहिल्यांदा बेडूक उलटा करून पाहिला होता आणि घरी येऊन म्हणाले होते, याचं नाव बेडकाचं पोट. आई म्हणाली, शी, असला रंग भिंतीला कोण लावेल. बाबा म्हणाले, कुणी नाही लावणार, पण पोरीने नाव दिलंय. त्यांनी छापला. आजवर एका माणसानेही तो रंग विकत घेतला नाही. तू दरवर्षी नवं कार्ड छापलंस, शिसं काढलंस, बाबांचा लखलखीत पिवळा काढलास, माझ्याशी बोलणं काढलंस, आणि हा ठेवलास.

काठाला एक डाग आहे. तू ओलं असतानाच कार्डाला लावून पाहिलंस, रंगाचं बोट लावतो तसं. डाग आणि चौकोन यांत मला फरक दिसत नाही. मी भिंग घेऊनही पाहिलं.

पित्त उतरलं. उद्या काय होईल ते मी तुला मागे लिहिलंय आणि त्यातलं एक अक्षरही मागे घेत नाही. पण आज उतरलंय.

मी हसले. मग जोरात हसले. शेजारीण धावत आली, तिला वाटलं मी पुन्हा पडले. तिला चौकोन दाखवला. ती म्हणाली, हा काय रंग आहे? म्हटलं, माझ्या भाच्याच्या... नाही, भाचीच्या मुलाची शी आहे. ती बिचारी माझ्याकडे बघत मागे मागे गेली. आता गल्लीत सांगत असेल, नवरा गेल्यापासून ताईंचं असं झालंय.

तिने दार ओढून घेतल्यावर मी कपाट उघडलं आणि यांचा एक शर्ट काढून मांडीवर घेतला. तो चौकोन त्यांनाही दाखवायचा राहिला, एवढंच मनात आलं. शर्ट ओला झाला. आता सुकायला दोरीवर टाकलाय.

परवा प्लास्टर कापलं. कापणारा म्हणाला, पाय हलवा. हलवला. म्हणाला, दुखतंय? सवयीने नाही म्हणाले. घरी आले, दोन दिवस काठी घेऊन फिरले.

चौकोन उलटा करून मागची ओळ वाचली. तू लिहिलंयस, "पाय कसा?"

दुखतोय, धाकट्या. आज दुपारपासून दुखतोय.

ताई